देवाला न चालणारी पानं

पूर ओसरून चार दिवस झाले होते आणि मी लिंबाच्या झाडाची पानं पुसत होते. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा त्यात काही वेडेपणा आहे असं वाटलंच नव्हतं. २०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यातली विश्वामित्री नदी ३७ फुटांवर गेली, कारेलीबागेतल्या आमच्या टेनामेंटच्या अंगणात कमरेइतकं पाणी दोन दिवस ठाण मांडून बसलं, आणि गेलं तेव्हा मागे ठेवून गेलं ते चॉकलेटी, साबणासारखं बुळबुळीत गाळाचं सारवण. वास शेवाळ आणि गटार यांच्यामधला कुठलासा. सात तारखेला गणपती बसायचे होते. फ्रिजच्या मागची जाळी, समईचे खाचे, सासूबाईंच्या पोथ्यांचं कपाट, मागच्या चोकडीतली, म्हणजे धुण्याभांड्यांच्या जागेतली, फरशी, असं सगळं घासून झालं आणि हाताला घासायची इतकी सवय लागली की घर संपल्यावर मी अंगणात उतरले. भिंतीवर पाण्याची रेघ होती, कंपाउंडवर होती, झाडांच्या बुंध्यांवर होती. ती रेघ दिसली की पोटात काहीतरी व्हायचं. एकेक झाड धरून मी ते पाइपनं धुतलं, मग ओल्या फडक्यानं पुसलं.

लिंबाच्या वरच्या फांद्या पाण्यात बुडाल्या नव्हत्या. तिथे गाळ नव्हता, उलट पावसानं धुतलेली पोपटी, कोवळी पालवी होती. फक्त तिच्यावर कुठे कुठे पाखरांनी शिटून ठेवलं होतं: काळपट तपकिरी, मध्ये चुन्यासारखा पांढरा डाग, आणि वर ओला तुकतुकीतपणा, म्हणजे अगदी ताजी. एक पुसली, दुसरी पुसली, तिसरी जरा चिकटली होती ती अंगठ्यानं रगडून काढली. चौथीला फडक्याची कड लागली आणि ती शिट उठून बसली. पुढचं टोक तिनं वर उचललं आणि त्या टोकामागून एक नारिंगी, ओलसर, दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढलं. तांदळाच्या कणीपेक्षा मोठं नसेल. पाठोपाठ वास आला, आंबलेल्या लिंबाच्या सालीसारखा, उग्र. तो इवलासा जीव मला घाबरवत होता. मी खरंच एक पाऊल मागे सरले. मग हातातलं फडकं उलटून पाहिलं.

त्यात तिघं होती.

लिंबावर, कढीपत्त्यावर, बेलावर अंडी घालणारं ते काळ्या अंगावर पिवळट ठिपक्यांचं फुलपाखरू मी आयुष्यभर पाहत आलेय. त्याची अळी मोठी झाल्यावर हिरवीगार होते हेही माहीत होतं, कारण तशा हिरव्या अळ्या माळीकाका चिमट्यानं काढून चपलेखाली घालत तेव्हा मी तोंड फिरवत असे. पण लहानपणी ती पाखराच्या शिटेचं सोंग घेऊन पानावर उघड्यावर बसते, हे मात्र मी पुस्तकातल्या एखाद्या गंमतीसारखं वाचून सोडून दिलेलं. पाखरानं स्वतःची घाण समजून दुर्लक्ष करावं, अशी ती सोय. सोय चांगलीच आहे, पण ती खाणाऱ्यापासून वाचायची. साफसफाई करणारी बाई समोर आली तर काय करायचं याचं उत्तर त्या सोंगात नाही. आणि मला जे टोचत राहिलं ते त्या तिघांपेक्षा मागचं गणित होतं. या घरात येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. लिंब लावून आठ. दर गणपतीला, दर दिवाळीला, मुलीला बघायला माणसं आली त्या दिवशी, कुणी पुण्याहून यायचं असलं की आदल्या दिवशी, मी अंगणातल्या झाडांवरची ‘शिट’ पुसत आले होते. नीटनेटकेपणाचं मला कौतुकही होतं माझ्या. आणि ही सगळी वर्षं सोसायटीत माझी ओळख अशी होती की या बेनना झाडापाखरांची फार आवड. उन्हाळ्यात पाखरांसाठी मातीची कुंडं वाटतात त्या वाटपात मी दरवर्षी पुढे.

ते पुराचे दिवस विचित्र होते. वीज नव्हती, फोन कुणाच्या तरी गाडीच्या बॅटरीवर चार्ज करून आणायचा, आणि तो चालू झाला की पहिले येत ते मगरींचे व्हिडिओ. शहरातल्याच अकोट्याला पत्र्याच्या छपरावर बसलेली मगर, कुणाच्या पार्किंगमध्ये मोटरसायकलींच्या मधून सरकणारी मगर. बडोद्याच्या माणसाला यात नवं काही नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही हेच झालं होतं. वहिनीचा ठाण्याहून फोन आला की तुमच्याकडे म्हणे मगरी घरात घुसल्यात. मी म्हटलं, हो गं, आमच्या मागच्या गल्लीतपण एक घुसली होती. फोन ठेवल्यावर ‘घुसली’ हा शब्द तोंडात खडा आल्यासारखा राहिला. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या त्या नदीत त्या शेकड्यांनी राहतात, उन्हाळ्यात काठाच्या मातीत खड्डे करून अंडी घालतात, पावसाच्या तोंडाशी पिल्लं बाहेर काढतात. आपण पुलावरून स्कूटरनं जाताना मान वळवून पाहतो, लांबून लाकडाचा ओंडका वाटतो, आणि सिग्नल सुटायच्या आत पोचायचं म्हणून निघून जातो. नदी आमच्या घरात आली ती एकटी कशी येणार? पण हे सुचलं ते नंतर, पंखा फिरायला लागल्यावर. त्या रात्री मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर मेणबत्ती घेऊन बसले होते, खालचं पाणी काळं दिसत होतं, त्यात काहीतरी डुबुक वाजलं की काळजाचा ठोका चुकत होता. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं की हे तिचंही घर आहे, तर मी त्याला मेणबत्ती फेकून मारली असती.

माझं माहेर दांडिया बाजारातलं. लाकडी खांबांचा वाडा, मागे परस, परसात विहीर आणि विहिरीत एक कासव. पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून सोडलेलं. ते कुणी सोडलं हे आजोबांनाही आठवत नव्हतं. आजी जेवायला बसली की ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या हाताला चित्राहुतीचे चार-पाच घास ठेवायची, आणि आमचं जेवण संपेपर्यंत तिथे मुंग्यांची रांग लागलेली असायची. पहिली पोळी गाईची, दहीभाताचा घास कावळ्याचा. संध्याकाळनंतर झाडाला हात लावायचा नाही, ते झोपलेलं असतं. हे सगळं सांगितलं की लोक हळवे होतात आणि पूर्वीची माणसं कशी निसर्गाशी वगैरे म्हणायला लागतात, म्हणून हेही सांगते की माझी हीच आजी विंचू दिसला की त्याला पोळपाटानं ठेचायची आणि तोच पोळपाट धुऊन त्यावर पोळ्या लाटायची. मोरीत निघालेल्या सापावर तिनं आधणाचं पाणी ओतलेलं मी पाहिलंय. तिच्याकडे प्रेमाचा प्रश्न नव्हता. जे येतं त्यातल्या प्रत्येकाचं तिच्याकडे काहीतरी ठरलेलं होतं: याला घास, त्याला पोळपाट. पण त्यासाठी तिला आधी ते दिसायचं. मुंगी कुठून निघाली, कावळा एका पायानं लंगडतोय, पाल यंदा पोटुशी आहे. मला शिट आणि अळी यांतला फरक आठ वर्षं दिसला नाही.

त्या गणपतीला आणखी एक गंमत झाली. पुरामुळे पत्री महाग झाली होती. एकवीस पत्रींची जुडी, एरवी वीस रुपयांना मिळणारी, साठाला. खंडेराव मार्केटच्या बाहेर उभी राहून मी ती जुडी उलगडून पाहत होते, नेहमीप्रमाणे काय काय आहे ते मोजायला. आघाडा. दूर्वा. रुई. धोत्रा. माका. डोरली. कण्हेर. बोर. बेल. आणि एकदम लक्षात आलं की यातली निम्मी नावं मला दर महिन्याला माळीकाकांच्या तोंडून ऐकू येतात, गुजरातीत, आणि त्यांच्यापुढे ‘उपटून टाकलं’ हे क्रियापद असतं. कंपाउंडच्या कडेचा आघाडा पायजम्याला चिकटतो म्हणून काढायचा. रुई गटाराजवळ आपोआप उगवते, ती तर अपशकुनी म्हणून शेजारच्या बेननीच सांगून तोडवली. माका ओल्या जागी येतो, त्यानं अंगण ‘गावठी’ दिसतं. मी महिन्याला सहाशे रुपये देऊन जे उपटून घेते तेच भाद्रपदात साठ रुपये देऊन विकत आणते, आणि देवापुढे ठेवून नमस्कार करते.

घरी येऊन मी माळीकाकांना सांगितलं की पुढच्या वर्षीची पत्री अंगणातली हवी. काही उपटायचं नाही, आणि ती बाटली आणायची नाही.

ती बाटली म्हणजे त्यांची ‘दवा’. वर लेबल नसलेली, झाकणाला चिंधी बांधलेली, उघडली की घशात खवखव करणारी. “बेन, जीवात पडशे,” ते म्हणाले. किडे पडतील. म्हटलं, पडू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते पुरात डोक्यावर परिणाम झालेल्या बाईकडे पाहावं तसं. मला त्यांचा राग आला नाही. एका ओळीतल्या अकरा टेनामेंटची अंगणं त्यांच्याकडे आहेत, आणि त्यांचं काम चांगलं आहे की नाही हे रस्त्यावरून दिसतं. पालापाचोळा पडलेलं अंगण ही त्यांच्या दृष्टीनं त्यांच्याच शर्टाची तुटलेली बटणं. “लोको शुं कहेशे?” हे वाक्य आपण एरवी कुत्सितपणे उच्चारतो, पण ते वाक्य त्यांच्या पोटाचं होतं. शेवटी तोड निघाली: समोरचा पट्टा, रस्त्यावरून दिसणारा, त्यांच्या पद्धतीचा, बाजूची बोळ आणि मागची चोकडीपलीकडची जागा माझी. एकूण बारा बाय पंधरा फूट होईल. तिथे झाडू लागणार नाही.

पहिले तीन महिने तिथे फक्त घाण झाली. खोटं कशाला बोलू. जास्वंदीवर मावा आला, मग पांढरे कापसासारखे मिलीबग, कळ्या उमलायच्या आधीच काळ्या पडून गळायला लागल्या. मी पाखरांसाठी बाजरी आणि ज्वारी टाकत होते, पाखरांना दाणे टाकायच्या चबुतऱ्यांच्या या मुलखात तो संस्कारच आहे, तर चिमणी एक आली नाही आणि पारवे पन्नास आले. ते ग्रिलवर बसून दिवसभर घुमायचे, एसीच्या बाहेरच्या डब्यावर त्यांनी चार काड्यांचं नावाला घरटं केलं, आणि रात्री सांडलेल्या दाण्यांसाठी घुशी यायला लागल्या. दाणे बंद केले. पाण्याच्या पसरट कुंड्यात डासांच्या अळ्या वळवळताना पालिकेच्या माणसांना दिसल्या आणि त्यांनी माझ्यासमोर ते कुंडं उपडं केलं. त्या आठवड्यात सोसायटीत दोघांना डेंग्यू होता, त्यामुळे मी मान खाली घालून उभी राहिले. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी पाणी ओतून, कुंडं घासून, पुन्हा भरते. अळीला डास व्हायला साधारण आठवडा लागतो, तेवढा अवधी तिला द्यायचा नाही. म्हणजे इथेही मी ठरवतेच आहे कुणाला राहू द्यायचं आणि कुणाला नाही. फुलपाखराची अळी हवी, डासाची नको. शिंजीर हवा, पारवा नको. आजीच्या पोळपाटाची आठवण होते अशा वेळी.

मात्र घासायची खोड सुटली तशी बघायची लागली. जास्वंदीवरच्या मिलीबगच्या घोळक्यात काही जरा मोठे, जास्त झिपरे मिलीबग दिसायचे, ते मी टूथब्रशनं आधी चिरडायचे, मोठे म्हणून. एका दुपारी नुसती बसून राहिले तेव्हा दिसलं की तो मोठा झिपरा बाकीच्यांना खातोय. ते ढालकिड्याचं पिल्लू होतं, मिलीबगचंच रूप घेऊन त्यांच्यात फिरणारं. म्हणजे मी इतके दिवस स्वतःच्या बाजूचा शिपाई मारत होते. गावठी गुलाबाच्या पानांना कंपासनं आखल्यासारखे अर्धगोल काप दिसले तेव्हा माळीकाका खूश झाले, ‘जुओ, में कह्युं हतुं’. पण ते किडीचं काम नव्हतं. एक काळसर, पोटाखाली पिवळी लव असलेली एकटी माशी यायची, पानाच्या कडेवर स्वार होऊन दहा-पंधरा सेकंदांत तो तुकडा कापायची आणि गुंडाळी पायांत धरून उडून जायची. तिला तो खायचा नसतो, अंड्यांच्या खोल्यांना अस्तर लावायचं असतं. पुढे तिचं घर सापडलं. चोकडीच्या नळासाठी भिंतीत पाडलेल्या आणि विसरलेल्या स्क्रूच्या भोकात. त्या भोकात पोपटी पानांची गुंडाळी दिसत होती, पानपट्टीवाल्याकडच्या विड्यासारखी.

रुई आपली आपण आली, गटाराच्याच कडेला. सासूबाईंचा विरोध मारुतीच्या नावावर मावळला, शनिवारी हार करता येईल म्हणून. जानेवारीत तिच्या पानांखाली पट्टेरी अळ्या दिसल्या. पांढरे, काळे, पिवळे पट्टे, आणि पाठीवर काळ्या मिशांच्या तीन जोड्या, जणू पुढचं तोंड कुठलं हे बघणाऱ्याला कळूच नये. बिबळ्या कडवा. हिला लिंबावरच्या पोरांसारखं लपायची गरज नसते. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते आणि पाखरांना रंगावरूनच सांगते की माझ्या नादी लागू नका. रुईची पानं चाळणीसारखी झाली. कण्हेरीखाली एका सकाळी चांदीचा थेंब लटकलेला दिसला. मला वाटलं मुलांच्या मांज्याचा, पतंगाच्या चमकीचा काहीतरी तुकडा, उत्तरायण नुकतंच होऊन गेलं होतं, आणि मी तो काढायला हात पुढे केला.

पुढे केलेला हात तसाच ठेवून जवळ जाऊन पाहिलं.

तो कोश होता. हबशी नावाच्या काळपट तपकिरी फुलपाखराचा. आरशासारखा चकचकीत, त्यात माझ्या नारिंगी गाउनचा डाग, मागचं आकाश, पाण्याची टाकी, सगळं वाकडंतिकडं होऊन दिसत होतं. अंगभर आरसा लावून तो पाचोळ्याच्या रंगाचा होत होता, पालवीच्या रंगाचा होत होता, मी समोर आले तर माझ्या रंगाचा. सासूबाईंना हाताला धरून दाखवायला आणलं. वय ८१, एका डोळ्याचा मोतीबिंदू राहिलाय. त्यांनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, “माझ्या नथीचा मोती असाच होता गं. पुरात गेला तो.” नथ पुरात गेलेली नाही. ती चाळीस वर्षांपूर्वी दिरांच्या धंद्यात गेली. मी काही बोलले नाही.

मग मे महिन्यात धामण आली. घुशी होत्या, तेव्हा ती येणारच होती. आमंत्रण मीच बाजरी टाकून दिलेलं. मी चोकडीत भांडी विसळत होते, पाचोळ्यात सळसळ झाली, सरडा असेल म्हणून वळले तर ती भिंतीच्या कडेनं जात होती, पिवळसर तपकिरी, संपतच नव्हती, सहा-सात फूट तरी. मी जी किंचाळले ती चार घरं पलीकडे ऐकू गेली. दहा मिनिटांत साप पकडणारा मुलगा आला, कॉलेजात असेल, पाठीला सॅक, हातात आकडी. त्यानं तिला दोन हातांत अशी उचलली जशी मी ओली साडी पिळायला उचलते. “बिनझेरी छे, आंटी. उंदीरच खाते,” मला मराठी येतं हे कळल्यावर तो अर्धं मराठीत बोलायला लागला, “इथे मागे जागा चांगली आहे. अहीं ज छोडी दउं?” इथेच सोडू का? तो खरंच विचारत होता. मागे पाचोळा, रुई, ओंडके, घुशींची बिळं. त्यानं ती जागा पाहून ओळखली होती, हे कुणीतरी मुद्दाम केलंय. कंपाउंडपाशी सोसायटी गोळा झाली होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी ज्यांना आठ महिने ‘काही होत नाही, राहू द्या’ असं ऐकवलं होतं ते सगळे.

मी म्हटलं, नको. घेऊन जा.

त्यानं काही म्हटलं नाही. पोत्यात घालून, गाठ मारून, नदीकडे सोडतो म्हणाला. तो गेल्यावर मला आधी हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं खरं होतं, ते मी नाकारणार नाही. सासूबाई रात्री तीनदा उठून चोकडीपलीकडच्या संडासात जातात. पण आठवड्याभरात घुशींनी तुळशीवृंदावनाखाली भगदाड पाडलं तेव्हा पिंजरा आणावा लागला, पिंजऱ्यातली घूस कुठे सोडायची यावर नवऱ्याशी भांडण झालं, आणि त्या भांडणात तो म्हणाला, “धामण ठेवली असतीस तर हे झालं असतं का?” तो हे थट्टेत म्हणाला होता. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेवग्याची वाळकी फांदी मात्र मी तोडू दिली नाही, यावर माळीकाका अजून रुसलेले आहेत. वाळकं लाकूड घरापाशी बरं नव्हे, वादळात पडेल, वगैरे. पण तिच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जाणार नाही अशा बाजूला, तांबट पक्ष्यानं लहानसं गोल भोक पाडलंय. सकाळी त्याचं टुक टुक टुक सुरू होतं, आसपासचे तांब्याची भांडी ठोकणारे जाऊन पन्नास वर्षं झाली तरी तो एकटा ठोकत बसलेला. ज्या वडावरून या गावाला नाव पडलं म्हणतात, त्या वडाची फळं पिकली की तो तिकडे असतो. पण घर पोखरायचं तर त्याला असं मेलेलं, मऊ लाकूडच लागतं. माझ्या मागच्या अंगणातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू त्यानं घेतली.

आणि मग पुढच्या वर्षीचे, २०२५ चे गणपती आले, २७ ऑगस्टला. आदल्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना खुर्ची टाकून अंगणात बसवलं, मांडीवर परडी दिली, आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “आई, तुम्ही नावं घ्या, मी पत्री खुडून देते.” वर्षभर या क्षणाची वाट पाहिली होती. देवदार आणि केवडा सोडला तर बहुतेक सगळं मिळण्यासारखं होतं. त्या नाव घेत गेल्या, मी पान देत गेले. माका दिला, आघाडा दिला, दूर्वा दिल्या. रुईचं पान त्यांनी हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. डोळ्यांनी दिसत नाही तेव्हापासून त्या सगळं अंगठ्यानं बघतात. “हे नको. भोक आहे.” दुसरं दिलं. तिसरं दिलं. कण्हेरीचं दिलं, त्याची कड कुरतडलेली. बेलाचं दिलं, तीन दलांपैकी एक अर्धंच. बोरीचं दिलं, त्यावर अळीनं खरवडून पारदर्शक केलेली खिडकी. त्यांनी एकेक पान बाजूला ठेवलं, न रागावता, ज्वारीतले खडे काढावेत तसं. म्हणाल्या, “किडकं पान देवाला चालत नाही गं. झाडावर एखादं तरी धड असेल, बघ.” मी शिडी लावून बेलावर चढले. वरचीही तशीच होती. एका पानाच्या टोकाला पिवळसर मोत्यासारखं एकच अंडं होतं, मोहरीहून लहान, ते पान धड होतं. मी शिडीवरून खाली बघितलं. सासूबाई मान वर करून वाट पाहत होत्या, त्यांना माझा फक्त आकार दिसत असणार.

“नाही मिळालं,” मी म्हटलं, आणि उतरले.

दुपारी खंडेराव मार्केटला गेले. पत्रीवाल्या बायका बाहेरच्या फुटपाथवर ओल्या गोणपाटावर जुड्या मांडून बसल्या होत्या. तीस रुपये. मी एक जुडी उलगडली. पानं हिरवीगार, टवटवीत, पाण्याचे थेंब असलेली. मी पत्रीवालीला विचारलं, क्यांथी लाव्यां? कुठून आणलीत? “नदीना कांठेथी,” ती म्हणाली, मागच्या बाजूला हात करून, जसं काही नदी त्या दुकानांच्या मागेच होती. मी विचारलं, आणि मगर? तिनं सुटे पैसे मोजता मोजता सांगितलं, “वहेली सवारे वीणी लेवानुं. तडको चढे एटले ए बहार आवे.” ऊन चढायच्या आत खुडून घ्यायचं, मग त्यांची वेळ. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी येऊन जुडी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती सोडली, एकेक पान अंगठ्याखालून घालवत नावं पुटपुटत परडीत टाकायला लागल्या. शमी. धोत्रा. डोरली. रुईच्या पानाशी अंगठा थांबला. त्यांनी ते बाजूला काढून माझ्याकडे दिलं.

मी ते उलटून पाहिलं.